फिल्मखोलीतले मामा

वर्णन खालीलप्रमाणे. लिंग पुरुष. वय अठ्ठावन्न वर्षे चार महिने. बांधा सडपातळ, दृष्टी चष्म्यासह समाधानकारक. ओळखीची खूण : उजव्या तर्जनीच्या पेरावर भाजल्याचा जुना डाग. पदनाम : तंत्रज्ञ, श्रेणी दोन, श्रेणी एकसाठी पात्र, परंतु पद रिक्त नसल्याने गेली एकोणीस वर्षे विचाराधीन. कार्यस्वरूप : फ्लोरिनयुक्त बहुवारिकांच्या पातळ फिल्म ताणणे व त्यांचे विद्युत ध्रुवीकरण करणे. प्रमाणपत्रे : उच्च दाबाची विद्युत उपकरणे हाताळण्याचे, एक. शिस्तभंगाच्या नोंदी : निरंक. वर्तणूक : समाधानकारक. 'इतर गुणविशेष' या रकान्यात आस्थापना विभागाने आडवी रेघ ओढलेली आहे.

यात खोटं काहीच नाही. एवढंच, की हा कागद हातात घेऊन कुणी त्यांना शोधायला निघालं असतं तर त्यांच्या समोरून दोनदा गेलं असतं.

संस्थेत सगळे त्यांना मामा म्हणत. हे नाव तसं अलीकडचं, सहा वर्षांचं. त्याआधी बावीस वर्षं ते 'अहो फिल्मवाले' होते. मग त्यांच्या थोरल्या बहिणीचा मुलगा परदेशातून डॉक्टर होऊन आला, पाचव्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला, आणि रुजू होण्याच्या दिवशीच त्याने भर पॅसेजमध्ये "मामा!" अशी खणखणीत हाक मारली. दुपारपर्यंत संचालक, टंकलेखक, वॉचमन सगळ्यांनी ती उचलली. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मामांना मिळालेली बढती म्हणायची तर हीच.

भाचा त्यांच्याच घरी वाढला होता. वडील लवकर गेले, ताईची नोकरी फिरतीची. म्हणून शाळेची शेवटची चार आणि कॉलेजची तीन वर्षं तो मामांच्या पुढच्या खोलीत राहिला. त्या खोलीत त्याने अभ्यास केला, सायकलची चाकं उघडली, आणि एकदा मामांनी टाकाऊ म्हणून घरी आणलेला फिल्मचा तुकडा मीटरला जोडून त्यावर तासभर टिचक्या मारल्या. मामांच्या मते डॉक्टर झाला तो त्या तासात. पुढची नऊ वर्षं केवळ कागदपत्रांची.

घरी भाचा त्यांना 'ए मामा, तू' म्हणे आणि संस्थेत 'अहो मामा, तुम्ही'. फिल्मखोलीचं दार लावलेलं असलं की संस्थेतही 'तू' चाले. मामांना या हिशोबाचं फार कौतुक होतं. "पोराला जागेचं भान आहे," असं ते मामींना सांगत.

"असणारच," मामी म्हणत. "आपल्या घरात सात वर्षं राहून एकदाही ताट उचलायची जागा कळली नाही, तेवढं एक सोडलं तर."

फिल्मखोली तळमजल्यावर, पॅसेजच्या अगदी टोकाला. बारा फूट बाय दहा. खिडकी नाही, कारण धूळ चालत नाही. फिल्म ताणायचं यंत्र मामांनी स्वतः जुळवलेलं होतं : भंगारात निघालेल्या छपाईयंत्राचे दोन रूळ, शिलाई मशीनची मोटर, आणि मध्ये ऐंशी अंशांवर तापलेली एक पोलादी पाटी. शेजारी छोटी भट्टी, व्होल्टेजचा निळा पेटारा, आणि शून्य मधोमध असलेला काट्याचा जुना मीटर. संस्थेत याच्या शंभरपट भारी मीटर होते. पण त्यांचे पडदे विचारल्यावर आकडे सांगत. हा काटा उडून दाखवायचा.

नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना मामा उभ्याउभ्या सगळं समजावत.

"ही फिल्म म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. साखळीच्या एका कुशीला फ्लोरिन, दुसऱ्या कुशीला हायड्रोजन. फ्लोरिन हावरा. शेजाऱ्याचे इलेक्ट्रॉन आपल्या ताटात ओढणार. म्हणून त्याची कूस उणी आणि समोरची अधिक. पण साखळीला पीळ असतो, एक फ्लोरिन इकडे बघतो, दुसरा तिकडे. मधल्या सुट्टीतली शाळा. सगळे ओरडतात आणि ऐकू काहीच येत नाही. म्हणून आधी ताणायचं, चौपट, सावकाश. पीळ निघतो, रांगा होतात. मग गरम असतानाच अडीच हजार व्होल्ट लावायचे, की सगळ्यांची तोंडं एका दिशेला वळतात. आणि व्होल्ट चालू ठेवूनच थंड करायचं. आधी बंद केलेत, तर मास्तर वर्गाबाहेर गेले असं समजा."

"आणि मग किती दिवस तसंच राहतं?" कुणीतरी विचारायचं.

"तुम्ही निवृत्त व्हाल, ती होणार नाही. दाबली की वीज देणार, टिचकी मारली की देणार, उराशी धरली तर छातीच्या ठोक्याला ठोका देणार. फक्त खूप तापवायची नाही. तापवली की शिकवलेलं सगळं विसरते."

अशी तोंडं वळवलेली फिल्मची पट्टी आणि न वळवलेली पट्टी दिसायला सारखीच. वळवलेल्या पट्टीची अधिक बाजू आणि उणी बाजूही सारखीच. दोन्हींवर ॲल्युमिनिअमचा चकचकीत मुलामा. म्हणून मामांची एक पद्धत होती आणि ती त्यांनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही मोडली नव्हती. पट्टी आडवी धरायची, वरचा उजवा कोपरा नेलकटरने कापायचा, आणि हे वळवायच्या *आधी* करायचं. मग कापलेला कोपरा उजवीकडे वर ठेवूनच ती साच्यात बसवायची आणि अधिकची तार वरच्या बाजूला. तारेची टोकंसुद्धा ते तांब्याच्या गुळगुळीत पत्र्याखाली दाबत, दातेरी चिमटे कधी लावत नसत; चिमट्याचे दात मुलाम्यात रुततात. शेवटी प्रत्येक पट्टीला एक टिचकी. काटा उजवीकडे उडाला तर वहीत नोंद आणि सही.

या खोलीत ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यानेच व्होल्टेजला हात लावायचा, असा नियम होता. प्रमाणपत्र फक्त मामांकडे होतं. भाच्याने ते घेतलं नव्हतं, कारण प्रशिक्षणाच्या दिवशी तो नेहमी कुठल्या तरी परिषदेत असे. मामांच्या निवृत्तीला वीस महिने राहिले होते, आणि हे वीस महिने याच खोलीत काढावेत एवढी एकच गोष्ट त्यांना हवी होती. श्रेणी एकचा नाद त्यांनी केव्हाच सोडला होता.

भाच्याचा मोठा प्रकल्प होता तो श्वासचादरीचा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाखाली अंथरायची चादर. बाळाने श्वास घेतला की आतल्या पट्ट्या दबतात, वीज देतात, पडद्यावर लाट उमटते. चौदा सेकंद लाट आली नाही तर घंटा वाजते. एका चादरीत पट्ट्यांच्या बारा जोड्या. प्रत्येक जोडीत दोन पट्ट्यांच्या अधिक बाजू एकमेकींकडे तोंड करून चिकटवायच्या, म्हणजे दोघींची वीज एकत्र येते. एक जरी उलटी बसली, तर पहिलीने दिलेलं दुसरी खाते आणि बाहेर शून्य येतं.

बुधवारी रुग्णालयांची समिती चादर पाहायला येणार होती. मामांची गती दिवसाला सहा पट्ट्या. शनिवारपर्यंत त्यांनी बारा वळवून खोक्यात ठेवल्या. उरलेल्या बारा ताणून, कोपरे कापून कपाटात ठेवल्या, आणि रविवारला जोडून सोमवारची रजा टाकली, कारण मामींच्या मोतिबिंदूची शस्त्रक्रिया होती.

"समितीला शुक्रवारी बोलव," ते भाच्याला म्हणाले. "मंगळवार-बुधवारी मी उरलेल्या करतो."

"बघतो मामा. मामीची काळजी घ्या."

मंगळवारी सकाळी मामा आले तेव्हा कपाट रिकामं होतं आणि टेबलावर दुसरा खोका होता.

"मीच केल्या काल-परवा," भाचा म्हणाला. दार उघडं होतं, त्यामुळे पुढे 'तुम्ही' आलं. "तुम्हाला कशाला त्रास."

"टिचकी मारून पाहिल्यास?"

"मामा, मी या विषयात पीएचडी केलीय."

"म्हणून तर विचारतोय."

भाचा मनमोकळं हसला. मग त्याने वही पुढे सरकवली. "तेवढी नोंद तुमच्या हाताने करा. प्रमाणपत्र तुमचं आहे ना. आणि तारीख आजचीच घाला. रविवारी खोली उघडायची परवानगी मी काढलेली नाही, उगाच सुरक्षावाले प्रश्न विचारत बसतील."

मामांनी पेन उघडलं. अठ्ठावीस वर्षांत न वळवलेल्या पट्टीसाठी त्यांनी कधी सही केली नव्हती. पण ही वळवलेली होती, आणि वळवणारा त्यांच्या पुढच्या खोलीत वाढला होता. त्यांनी बारा वेळा सही केली. "थांब, एकदा काट्यावर बघून घेतो," असं म्हणेपर्यंत प्रयोगशाळेची सहायिका दोन्ही खोके उचलून चिकटवायच्या खोलीत गेली होती.

तिथे तिने एक खोका डाव्या हाताला ठेवला, एक उजव्या हाताला, आणि कुठलाही समंजस माणूस करेल तेच केलं. प्रत्येक जोडीसाठी डावीकडची एक घेतली, उजवीकडची एक. कापलेले कोपरे जुळवले. काम चोख झालं.

बुधवारी समितीत पाच जण होते. चादर पाळण्यात अंथरली. आत छोट्या पंपाने श्वास घेणारी बाहुली ठेवली. बाहुलीने श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. पडद्यावरची रेघ सरळ राहिली. चौदा सेकंदांनी घंटा वाजली.

"बाहुली हलकी आहे," भाचा म्हणाला.

मग एका डॉक्टरीणबाईंनी तळहात दाबून पाहिला. घंटा. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढला, कोट काढला, पाळण्यावर ओणवे झाले आणि आपली भरदार छाती चादरीवर टेकवून दीर्घ श्वास घेतले. यंत्राने ठरल्या वेळी, पूर्ण आवाजात, अध्यक्ष श्वास घेत नसल्याचं जाहीर केलं. समितीतलं कुणी हसलं नाही, आणि हेच वाईट लक्षण होतं.

गुरुवारी मामांनी फिल्मखोलीत चादर उसवली. चोवीस पट्ट्या सोडवून, पुसून, एकेक करून मीटरला लावल्या. टिचकी, काटा उजवीकडे. टिचकी, उजवीकडे. त्यांच्या बाराच्या बारा उजवीकडे. मग दुसऱ्या बारा. टिचकी, काटा डावीकडे. बाराही डावीकडे, एकही चुकार नाही. प्रत्येकीच्या कडेला दातेरी चिमट्याचे चार-चार दात रुतलेले होते.

भाच्याने साच्यात अधिकची तार खाली आणि उणीची वर लावली होती. कोपरे मामांनी आधीच कापलेले, त्यामुळे बाहेरून सगळं जिथल्या तिथे आणि आतून सगळी तोंडं विरुद्ध दिशेला. सहायिकेने एकाच खोक्यातल्या दोन-दोन घेतल्या असत्या तर काहीच बिघडलं नसतं. दोन चुकलेल्या पट्ट्या एकमेकींशी उत्तम जमवून घेतात. अडचण एक चुकलेली आणि एक न चुकलेली शेजारी आल्यावरच होते.

मामांनी भाच्याला बोलावून घेतलं. तो स्टुलावर बसला, बारा टिचक्यांना काटा बारा वेळा डावीकडे उडताना त्याने पाहिला, आणि म्हणाला, "मामा, दार लाव."

मामांनी दार लावलं.

"तिकडे आम्ही उणी बाजू वर ठेवायचो. नऊ वर्षांची सवय. हात आपोआप गेला रे."

"हात जातो. म्हणून तर टिचकी असते."

"मला माहीत आहे."

"आता काय करायचं?"

"मी लिहितो ना अहवालात. पण माझ्या पद्धतीने लिहू दे. समितीला एकदम असं सांगितलं की प्रमुखानेच प्रमाणपत्राशिवाय रविवारी खोली उघडली, तर प्रकल्प तिथेच संपला. मांडणी करावी लागते."

"आणि माझी सही?"

"मी आहे ना," भाचा म्हणाला. "या बारा पट्ट्या माझ्याकडे दे. पुरावा म्हणून जपून ठेवतो. तुझ्याकडे राहिल्या तर कुणीतरी म्हणेल तूच अदलाबदल केलीस."

हे मामांना पटलं. इतकं पटलं, की त्यांनी पट्ट्या सुरकुतू नयेत म्हणून मध्ये पातळ कागद घातले, लिफाफ्यावर 'तापवू नये' असं लिहिलं, आणि दोन्ही हातांनी तो भाच्याच्या स्वाधीन केला.

पुढच्या सोमवारी आस्थापनेचा शिपाई नोटीस घेऊन आला. 'संबंधित कर्मचाऱ्याच्या अनवधानामुळे ध्रुवीकरणाची दिशा उलट होऊन संस्थेची प्रतिमा मलिन झाल्याचे प्रकल्पप्रमुखांच्या अहवालावरून निदर्शनास आले आहे. सोबत कर्मचाऱ्याच्या बारा स्वाक्षऱ्यांची छायाप्रत.' प्रमाणपत्र रद्द का करू नये, याचा खुलासा संस्थेच्या चौकशी समितीपुढे शुक्रवारी करावा.

मामांनी ती घरी नेऊन मामींना वाचून दाखवली. मामींच्या एका डोळ्यावर अजून पट्टी होती.

"मांडणी बरी केलीय तुमच्या डॉक्टरांनी," त्या म्हणाल्या. "एका डोळ्यानेसुद्धा दिसतेय मला."

"अगं, हा मसुदा आस्थापनेचा असेल. त्याने वेगळं लिहिलं असेल. मी ताईकडे जाऊन येतो, तो तिथेच असतो संध्याकाळचा."

"जा. आणि त्याने ताट उचललेलं दिसलं तर मला फोन करा."

भाचा घरी नव्हता. ताईने दार उघडलं, मामांच्या हातातला कागद पाहिला आणि काही न विचारता पाण्याचा पेला आणून ठेवला. तिने काही विचारलं नाही तिथेच मामांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ताई पाण्याआधी प्रश्न विचारणारी बाई.

"ताई, तुला ठाऊक आहे?"

"अरे, इथेच तर बसून लिहिला त्याने. याच टेबलावर. दोन दिवस जेवला नाही धड."

"काय लिहिला?"

"अहवाल. मला वाचून दाखवला पूर्ण. आधी त्याने 'निष्काळजीपणा' लिहिलं होतं. मी म्हटलं, माझ्या भावाला निष्काळजी म्हणायचं नाही हं. 'अनवधान' लिही. मीच बदलायला लावलं." हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात लहानपणी ती मामांच्या वाट्याचा मार चुकवल्याचं सांगत असे.

मामांनी पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"ताई, त्या पट्ट्या मी केलेल्या नाहीत."

"ते सांगितलं त्याने मला."

"सांगितलं?"

"माझ्यापासून काही लपवत नाही तो. तुझं काय, वीस महिन्यांचा प्रश्न. त्याच्यापुढे पंचवीस वर्षं पडलीयत. तुला पगारात काही फरक नाही, पेन्शनला धक्का नाही, त्याने सगळं विचारून घेतलंय आधी. त्याला काय तुझी काळजी नाही का?"

"मला विचारलं असतं तर?"

"तू नाही म्हणाला असतास तर मग?" ताई म्हणाली, आणि तिच्या बाजूने प्रश्न मिटला.

मामा पायी घरी आले. वाटेत त्यांनी एक गोष्ट पक्की केली. समितीपुढे पट्ट्या मागवायच्या. चिमट्याचे दात दाखवायचे. काटा डावीकडे उडवून दाखवायचा आणि आपल्या बारांचा उजवीकडे. नोंद खोटी केली हे कबूल करायचं, त्याची काय शिक्षा असेल ती घ्यायची. पण उलट्या दिशेने वळवलेली पट्टी आपल्या हातची नाही, एवढं कागदावर यायला हवं. तसं आलं, तर प्रमाणपत्र राहील आणि खोलीही.

शुक्रवारी समितीच्या टेबलाशी तिघं बसले होते : प्रशासन अधिकारी, सुरक्षा अधिकारी आणि रसायन विभागाच्या एक प्राध्यापिका. भाचा साक्षीदाराच्या खुर्चीत. मामांनी आपला मीटर कापडात गुंडाळून आणला होता.

"दुसऱ्या खोक्यातल्या बारा पट्ट्या मी वळवलेल्या नाहीत," मामांनी सुरुवात केली.

"सही कुणाची?" प्रशासन अधिकाऱ्यांनी विचारलं.

"माझी."

"म्हणजे खोटी सही केलीत?"

"सही खरी आहे. नोंद खोटी आहे."

प्रशासन अधिकाऱ्यांनी हे लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, की अशा उत्तरासाठी फॉर्मवर रकाना नसावा.

"साहेब, तारीख मंगळवारची आहे. त्याच सकाळी पट्ट्या चिकटवायला गेल्या. माझ्या हाताने दिवसाला सहा होतात. एका सकाळी बारा होऊच शकत नाहीत."

"म्हणजे आपण घाई केलीत," सुरक्षा अधिकारी म्हणाले आणि त्यांनीही लिहून घेतलं.

मग मामा मीटर टेबलावर ठेवून म्हणाले, "पट्ट्या मागवा. त्या डॉक्टरांच्या ताब्यात आहेत. बघितलं की कळेल कुणाचा हात आहे तो."

सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्याने बॅगेतून एक ट्रे काढला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. ट्रेमध्ये वाळक्या सालींसारखं काहीतरी होतं. आक्रसलेलं, कडेने वळलेलं, मुलामा तडकलेला. दात कुठले आणि सुरकुती कुठली, ते देवालाही सांगता आलं नसतं.

"संबंधित कर्मचाऱ्याने नमुने माझ्याकडे सोपवले होते," भाचा म्हणाला. त्याने ट्रेकडे पाहत सांगितलं. "प्रमाण पद्धतीनुसार मी ते भट्टीत ठेवले. दीडशे अंश, सहा तास."

"कशासाठी?" प्राध्यापिकाबाईंनी विचारलं.

"आतला ताण उतरवण्यासाठी."

"उतरला का?" बाई म्हणाल्या. पण त्यांनी ते हळू विचारलं आणि ते लिहून घेण्यात आलं नाही.

मामांनी तरी एक पट्टी उचलली. ती मीटरच्या तारांत धरता येईना, म्हणून अंगठ्याने सपाट केली. टिचकी मारली. काटा शून्यावर होता, तिथेच राहिला. दुसरी घेतली. मग तिसरी. पाचव्या पट्टीनंतर प्रशासन अधिकारी म्हणाले, "पुरे."

"या विसरल्या," मामा म्हणाले.

"काय?"

"काही नाही साहेब."

त्यांनी मीटर कापडात गुंडाळायला घेतला. कापड नीट बसेना. त्यांना राहून राहून एवढंच वाटत होतं, की हा पोरगा विषय छान शिकलाय. आपण शिकवलेलं त्यातलं एक अक्षर तो विसरलेला नाही.

बाहेर पॅसेजमध्ये भाचा मागून भरभर चालत आला. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी आवाज खाली ठेवून म्हणाला, "मामा, ऐक. रागावू नकोस. मी नंतर सगळं नीट करणार आहे. प्रकल्प एकदा मंजूर होऊ दे."

मामांनी खिशातून फिल्मखोलीची चावी काढली.

"ही कुणाकडे जमा करायची, साहेब?"

"मामा..."

"तुमच्याकडे देऊ की आस्थापनेत देऊ? पोच लागेल मला."

भाच्याने हात पुढे केला नाही. मग मामा जिना चढून आस्थापनेत गेले, चावी दिली, पोच घेतली, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली आणि मीटर परत करायला तळमजल्यावर आले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की खोलीची चावी आता आपल्याकडे नाही. मीटर त्यांनी दाराशी ठेवला.

घरी मामींनी काही टोमणा मारला नाही. दोन्ही वेळची भांडी त्यांनीच घासली, एका डोळ्याने. पुढच्या रविवारी ताईचा फोन आला तेव्हा त्यांनीच तो उचलला, "ते झोपलेत," असं सांगितलं आणि ठेवला. मामा समोरच बसले होते, वर्तमानपत्र उघडून. भर दुपारचे साडेबारा वाजले होते. मामांनी पान उलटलं.

आठवड्याने आदेश निघाला. संबंधित कर्मचाऱ्याचे उच्च दाबाची विद्युत उपकरणे हाताळण्याचे प्रमाणपत्र रद्द करण्यात येत आहे. त्याची प्रदीर्घ सेवा, निरंक नोंदी व कबुलीतील प्रांजळपणा विचारात घेऊन अन्य कोणतीही कारवाई न करता, त्याचे पद, श्रेणी व मानमरातब पूर्णतः अबाधित राखून, पदास साजेशा आसनव्यवस्थेसह त्याची बदली मध्यवर्ती वस्तुभांडारात करण्यात येत आहे. फिल्म ताणण्याचे व ध्रुवीकरणाचे काम यापुढे प्रकल्पप्रमुखांच्या थेट देखरेखीखाली चालेल.

वस्तुभांडारात खुर्ची एकच आहे. तिच्यावर भांडारपाल बसतो.